काचेची आतली बाजू

दुकान उघडलं की काकू आधी आतून दाराची काच पुसायची आणि मग पांढऱ्या मेणपेन्सिलीने तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहायची. लिहायची ती उलटी. आकडे उजवीकडून डावीकडे जायचे, दोनाची शेपटी भलतीकडे वळायची, सहाचं पोट फिरायचं. तिचा हात कुठे अडखळायचा नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती तारीख सुलट दिसायची, आणि तिच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

समोरच्या शिंपीदादाने त्या तारखेच्या भरवशावर घरात कॅलेंडर लावणंच सोडून दिलं होतं. एकदा काकूकडून आदल्या दिवशीची तारीख पडली, तर तो मशीनवरून उठून रस्ता ओलांडून आला.

"वहिनी, आज कालच आहे का? कालच्या गिऱ्हाइकाला मी 'उद्या या' म्हणून सांगून बसलोय."

"तुमचं गिऱ्हाईक कालही उद्याच येणार होतं आणि उद्याही उद्याच येईल," काकू म्हणाली. "तारखेला कशाला दोष देता?"

काकू म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. खाली दुकान, वर दोन खोल्या. माझं कॉलेज तिथून चालत दहा मिनिटांवर होतं, म्हणून सहा वर्षं मी त्यांच्याकडे राहिले. काका काच कापायचे. हिऱ्याचं टोक बसवलेल्या हिरकणीने एक रेघ ओढायची, टेबलाच्या कडेवर हलका झटका द्यायचा, की काच शहाण्यासारखी दुभंगायची. त्या कापलेल्या काचेवर अक्षरं आणि चित्रं कोरायचं काम काकूचं. डॉक्टरांच्या दारावरची नावं, केस कापायच्या दुकानातल्या कात्र्या, कुणाच्या देवघराच्या झडपांवरची कमळं, सगळी तिच्या हातची.

ती काम करायची ते नेहमी काचेच्या मागच्या बाजूने. त्या बाजूला चिकट कागद लावायचा, त्यावर आकृती काढून पात्याने तेवढाच कागद सोलून घ्यायचा आणि उघड्या पडलेल्या काचेवर वाळूचा फवारा मारायचा. वाळूने काच खरवडली जाते, दुधी होते. बाहेरच्या अंगाला मात्र ती गुळगुळीतच राहते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचे तेलकट हात लागले तरी पुसून टाकता येतात. अर्थात मागून काम करायचं तर आकृती उलटी काढावी लागते. पन्नास वर्षं उलटं काढून काढून काकूला सुलटं काढायलाच जरा वेळ लागायचा. वाण्याची यादीसुद्धा कधीकधी घाईत उलटी लिहिली जायची आणि काका ती खिशातला आरसा काढून वाचायचे. गल्लीने तिचं नाव 'उलटसुलट काकू' ठेवलं होतं. काका म्हणायचे, "हिला उलट लिहिलेलं चालतं. उलट बोललेलं तेवढं चालत नाही."

या कामातूनच तिची खुणांची वही सुरू झाली. शाळा तिने मधेच सोडलेली, पण एखाद्या धर्माची खूण कोरायला आली की ती गिऱ्हाइकाला बसवून विचारायची, "हे असंच का?" बरेचदा गिऱ्हाईक गोंधळायचं. मग ती दुसऱ्याला विचारायची, तिसऱ्याला विचारायची. उत्तरं जुळली नाहीत तर ती सगळी लिहून ठेवायची आणि खाली एक आडवी रेघ ओढायची. त्या रेघेचा अर्थ, 'अजून विचारायचं आहे.'

वहीत पहिलीच नोंद क्रुसाची होती. एका वृद्ध धर्मगुरूने तिला सांगितलं होतं, की पहिली काही शतकं त्यांचे लोक क्रूस काढायला कचरत असत, कारण तो फाशीच्या दोरखंडासारखा शिक्षेचा खांब होता. ते मासा काढायचे. ग्रीक भाषेत माशाच्या नावातल्या एकेका अक्षरापासून त्यांच्या प्रभूची ओळख सांगणारा एकेक शब्द सुरू होई. काकूने शेजारी लहानसा मासा काढला होता आणि लिहिलं होतं, 'ज्या खांबाची लाज होती तोच पुढे गळ्यात घातला. माणसं मोठी आहेत.'

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या ज्यू आजोबांनी तिला सांगितलं, की सहा टोकांचा तारा त्यांच्या घरात तसा नवखाच, तो साऱ्यांचा झाला गेल्या काही शतकांत. खरी जुनी खूण म्हणजे सात फांद्यांची दिव्याची समई. अत्तरवाल्याने तर हात जोडले. "काकू, चंद्र आमच्या ग्रंथाने दिलेला नाही. राजांच्या निशाणांवरून उतरून घुमटांवर जाऊन बसला. आमचं सगळं शब्दात आहे. पण लोकांना ओळखायला काहीतरी लागतं ना!" चक्राच्या पानावर तिने लिहिलं होतं, की बुद्धाच्या मूर्ती घडायच्या आधी कारागीर त्याच्या जागी रिकामं आसन काढायचे, पावलं काढायचे, नाहीतर चाक. रिकामं आसन हे दोन शब्द तिने दोनदा गिरवले होते.

पण तिची स्वतःची विभागणी याहून वेगळी होती, ती कुठल्या पुस्तकात सापडली नसती. तिच्या मते जगातल्या खुणा दोन प्रकारच्या: आरशाला भिणाऱ्या आणि न भिणाऱ्या. क्रूस भीत नाही, सहा टोकांचा तारा भीत नाही, चक्र भीत नाही. मागून बघा, पुढून बघा, तेच. चंद्र भितो. उघडा तळहात भितो, उजव्याचा डावा होतो. आणि ॐ तर सगळ्यांत भित्रा. "कारण ते चित्र नाही, अक्षर आहे," ती म्हणायची. "अक्षराला वाचणारा लागतो."

ती चौसष्ट वर्षांची असताना गावातल्या मोठ्या रुग्णालयाने प्रार्थनेची एक खोली केली. सगळ्यांसाठी एकच. खोलीच्या लाकडी दारात मधे मोठी काच बसणार होती आणि काचेवर सात धर्मांच्या सात खुणा. ते काम काकूकडे आलं. यादीत सुरुवातीला जैनांची खूण म्हणून स्वस्तिक होतं. मग रुग्णालयातल्याच एका वृद्ध बाईने मॅनेजरला भेटून सांगितलं, की महायुद्धात, परदेशात, त्या खुणेच्या झेंड्याखाली तिच्या घरातली अकरा माणसं मारली गेली. काकू वही घेऊन तिथल्या जैन डॉक्टरीणबाईंकडे गेली. चार बाजू म्हणजे जिवाच्या चार गती, मधून बाहेर पडायची वाट, हे सगळं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "खूण आमची फार जुनी आहे आणि तिचा काही दोष नाही. पण त्या बाईंना प्रार्थना करता आली पाहिजे. तुम्ही आमचा हात काढा. उघडा तळहात, मधे चाक. थांब, विचार कर, कुणाला दुखवू नकोस, असं तो सांगतो." त्या दिवशी घरी येऊन काकू जेवताना मधेच म्हणाली, "बघा, हात काढा म्हणून सांगायला तो हात आधी आपल्या मनात असावा लागतो."

काम दोन महिने चाललं. एरवी तिने ते तीन आठवड्यांत उरकलं असतं, पण उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. ॐचा चंद्रबिंदू सोलताना ती डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसायची. काच बसवून आल्यावर तिने पाती धुऊन डब्यात ठेवली आणि काकांना म्हणाली, "आता अशी मोठी काच माझ्याच्याने व्हायची नाही. झाली ती शेवटची."  काकांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

पाच आठवड्यांनी मॅनेजरचा फोन आला. तक्रार आली होती. खोलीत बसणाऱ्याला ॐ उलटा दिसतो.

"दिसणारच," काकू म्हणाली. "काच बाहेरून वाचतात. ज्याला तक्रार आहे त्याने बाहेर येऊन बघावं."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, फक्त थकलेला होता. "काकू, आज ॐ, उद्या चंद्र. मला हे रोज निस्तरायला जमणार नाही. सगळंच काढून टाकू. साधी दुधी काच बसवू. कुणाचंच काही नको, म्हणजे कुणाची तक्रार नको. रविवारी दुपारी भेटीची वेळ संपली की सुतार येईल."

फोन ठेवल्यावर काकूने खुणांची वही काढली. सात खुणा होत्या, त्यांच्यासाठी किती माणसांना विचारलं होतं, त्या सगळ्यांच्या जागी आता कोरी काच येणार होती. आणि नवी काढायला हात राहिला नव्हता. दोन दिवस ती सगळ्यांवर करवादत होती. काकांनी भात जास्त शिजवला म्हणून, मी पंखा लावला म्हणून, शिंपीदादा हसला म्हणून. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "अगं, एकदा जाऊन तरी बघ आतून कसं दिसतं."

"पन्नास वर्षं मी काच आतूनच बघतेय."

"काम करताना बघतेस. बसून बघितलीस का कधी?"

 काकू मला घेऊन निघाली.

खोली लहान होती. एक खिडकी, खाली बाग, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात कागदी रुमालांचा डबा. रुग्णालयाने तीनही बाकं खिडकीकडे तोंड करून मांडली होती. फरशीवर त्यांच्या पायांच्या जुन्या खुणा अजून दिसत होत्या. पण कुणीतरी ती तिन्ही फिरवून दाराकडे केली होती. एका बाकावर एक बाई मुठीत जपमाळ घेऊन बसली होती. दुसऱ्यावर एक म्हातारा, झब्ब्याच्या खिशाला पेन लावलेला. काकू त्याच्या शेजारी बसली, मी मागे.

"कुणासाठी आलात?" त्याने विचारलं.

"दारासाठी."

"म्हणजे?"

"हे दार माझ्या हातचं आहे."

त्याने मान वळवून तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अस्सं. म्हणजे त्या तुम्ही. मी मास्तर. चाळीस वर्षं वह्या तपासल्या. एखाद्या पोराने असा ॐ काढला की लाल गोल करून शेजारी लिहायचो, 'पुन्हा काढ.' तुमच्या दाराला लाल गोल करू का?"

"बाहेरून बरोबर आहे तो, मास्तर."

"बाहेर कोण बसलंय?"

काकूने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "खिडकीकडे तोंड करून बसा की. खाली बाग छान आहे."

"बाग बघायला आलोय का मी?" मास्तरांचा आवाज चढला, मग जपमाळवाल्या बाईकडे बघून त्यांनी तो खाली आणला. "आमची ही एकवीस दिवस त्या पलीकडच्या खोलीत आहे. नळ्या लावल्यात. काही सांगायचं असलं की नर्स या दारातून येते. ती येण्याआधी काचेवर तिची सावली येते. आणि सावली येईपर्यंत दुसरं बघण्यासारखं काय आहे इथे? तेवढा तो ॐ." त्यांनी दाराकडे बोट केलं. "उलट्या अक्षराने काही होत नसतं, हे मीच पोरांना शिकवलंय. कळतं हो मला. पण बसून बसून वाटायला लागतं, की आपलं म्हणणंही उलटंच पोहोचत असणार."

तेवढ्यात काचेवर सावली आली. खोलीतल्या सगळ्यांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. जपमाळ थांबली. मास्तरांचा हात खिशातल्या पेनावर गेला. दार उघडलं, नर्सने जपमाळवाल्या बाईला खुणेनं बोलावलं, ती उठून गेली, आणि मास्तरांच्या खांद्यांतून हवा निघून गेल्यासारखं झालं.

काकू आणखी पाऊण तास बसली. एकदा तिने उठून हात पुढे केला आणि ॐवरून बोट फिरवलं, आपल्याच खरखरीत रेघांवरून. मग परत येऊन बसली.

घरी जिना चढायच्या आधीच तिने काकांना हाक मारली. "अहो, ऐकता का? मास्तर बरोबर आहेत. दुकानाच्या दाराशी येणारा बाहेरून येतो, म्हणून आपण बाहेरचं बघतो. या दाराशी कुणी येत नाही हो. या दाराकडे बघत बसतात."

"मग?"

"काच फिरवायची. आतलं बाहेर, बाहेरचं आत."

काकांनी जरा विचार केला. "खरखरीत अंग बाहेर येईल. जो तो हात लावणार. महिन्याभरात काळी पडेल."

"पुसायची."

"कोण पुसणार?"

"मला आता दुसरा उद्योग काय आहे?"

रविवारच्या आधी तिने एकेकाला विचारून घेतलं, कारण विचारल्याशिवाय तिने कधी खूण हलवली नव्हती. रुग्णालयाचा पहारेकरी ड्युटी संपली की त्याच खोलीच्या कोपऱ्यात नमाज पढायचा. त्याला ती म्हणाली, "अरे, नेहमी काढतात तो चंद्र आपल्या आकाशातला उतरता चंद्र आहे. आतून मात्र तुला तो महिन्याच्या पहिल्या चंद्रासारखा दिसायचा. आता फिरवला की तोही उतरता दिसेल. चालेल का?"

तो हसला. "काकू, चंद्र बघायला मी गच्चीवर जातो."

डॉक्टरीणबाईंनी स्वतःचा उजवा हात वर केला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आतून इतके दिवस डावा दिसत होता, हे मला सांगितलं नाहीत ते बरं केलंत."

रविवारी मॅनेजर, सुतार, काका आणि नवी दुधी काच, सगळे खोलीबाहेर उभे होते. काकू पुढे झाली.

"साहेब, चूक माझी आहे. काचेची नाही आणि या खुणांची तर नाहीच. मी पन्नास वर्षं रस्त्यावरच्या माणसासाठी काम केलं, त्या सवयीने इथेही केलं. आतल्या माणसाचा विचार केला नाही. ही काच फेकू नका, फिरवून बसवा."

"मग बाहेरून उलटं दिसेल. उद्या बाहेरच्याची तक्रार येईल."

"बाहेरचा दोन पावलांत आत येतो. आत आला की सुलटं झालं. आतल्याला मात्र 'उठून बाहेर जा' असं कसं सांगणार? बाहेर नुसती पाटी लावा, 'प्रार्थनेची खोली' म्हणून."

"आणि तरीही तक्रार आली तर?"

"तर ही दुधी काच मी स्वतः उचलून आणीन. तुम्ही फोन करायच्या आधी."

मॅनेजरने घड्याळ पाहिलं, काकूचा थरथरणारा हात पाहिला, आणि सुताराला म्हणाला, "पट्ट्या काढ."

ते बघणं सोपं नव्हतं. काच तिच्या दोन महिन्यांची होती आणि दुसरी होणार नव्हती. काच धरून ठेवणाऱ्या शेवटच्या लाकडी पट्टीचा खिळा रुतून बसला होता. सुताराने पटाशी घालून उचकटलं तेव्हा कडाड असा आवाज आला आणि काकांचे डोळे मिटले. लाकूड तडकलं होतं, काच नाही. काका आणि सुतार, दोघांनी मिळून ती उचलली, पेलून फिरवली, पुन्हा चौकटीत टेकवली. काकू तोवर आत जाऊन बाकावर बसली होती. शेवटची पट्टी ठोकून झाल्यावर तिने आतून नुसतं सांगितलं, "बरोबर."

संध्याकाळी मास्तर आले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. ते बसले, चष्मा लावला, दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "हं." चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाचा तो 'हं' काकूने घरी येऊन काकांना दोनदा करून दाखवला.

मास्तरांची बायको पुढच्या महिन्यात चाकाच्या खुर्चीवरून घरी गेली. दारामुळे बरी झाली असं कुणी म्हणायला लागलं तर मास्तरच त्याला दटावायचे, "औषधाने झाली. उगाच काहीतरी." काकूलाही ते पटायचं. तक्रार मात्र पुन्हा आली नाही. मॅनेजर बदलला, नवा आला, काच तशीच राहिली.

मला काकूचं कौतुक त्या काचेपेक्षा त्या एका वाक्यासाठी आहे, 'चूक माझी आहे.' बाहेरून सारं बरोबर असताना, नियमाने सारं बरोबर असताना, आयुष्यभराच्या कामाची बाजू चुकली असं म्हणायला तिला पाऊण तास पुरला. त्यानंतर वहीतल्या प्रत्येक खुणेपुढे तिने एक नवा प्रश्न लिहायला सुरुवात केली: 'बघणारा कुठे बसलाय?' हात थरथरत असल्यामुळे ती अक्षरं मोठी आणि वेडीवाकडी आली आहेत, पण सुलटी.

पुढे सात वर्षं दर गुरुवारी ती मऊ ब्रश, साबणाचं पाणी आणि फडकं घेऊन रुग्णालयात जायची आणि दाराचं खरखरीत अंग घासून स्वच्छ करायची. डाग बहुतेक ॐच्या आणि क्रुसाच्या जागी जास्त असत, कारण आत जाणारी माणसं तिथे हात टेकवून जात. "हात टेकू देत की," ती म्हणायची, "टेकायलाच तर आहे." नर्सबाई तिला चहा द्यायच्या. पहारेकरी बादली भरून आणायचा.

कॉलेज संपून मी तिथून गेल्यावरही अधूनमधून भेटायला यायचे; अशाच एका गुरुवारी तिचा गुडघा फार दुखत होता, म्हणून तिने पिशवी माझ्या हातात दिली. मी परत यायच्या आधीच, दुपारच्या झोपेत, ती गेली. मी निघाले तेव्हा ती आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि काका तिच्या गुडघ्याला तेल चोळत होते. मी जिना उतरत होते, तिने वरून हाक मारली.

"आणि ऐक गं, फडकं तिथे विसरू नकोस. मागच्या वेळी नर्सबाईंनी धुऊन परत दिलं, मला मेली लाज वाटली."